इंग्रजी स्लँगचा अर्थविचार

१. प्रस्ताव

नाशिकजवळच्या देवळालीचे नाव इंग्लंडमध्ये आजही लोकांच्या तोंडी आहे, पण ते गावाचे नाव आहे हे उच्चारणाऱ्याला सहसा ठाऊक नसते. एखाद्याचे डोके ठिकाणावर नाही असे सांगायचे असले की तिथली मंडळी 'ही हॅज गॉन डूलॅली' म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात देवळालीला ब्रिटिश फौजेची छावणी होती. नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत तिथे पडून राहत. जहाजे ठरावीक मोसमातच सुटत. मोसम हुकला की महिनोन्‌महिने हाताला काम नाही, वर ऊन आणि सोबतीला दारू. अशा शिपायाचे वागणे बिघडले की त्याला 'डूलॅली टॅप' झाला, असे सोबती म्हणत. यातला 'टॅप' म्हणजे आपला ताप. पुढे ताप गळून पडला, देवळाली विस्मरणात गेली आणि शब्दात वेडेपणा तेवढा उरला.

'डूलॅली' हा शब्द पहिल्यांदा ज्याने वापरला त्याला 'वेडा' हा अर्थ सांगायला इंग्रजीत शब्द कमी नव्हते. मग नवा कशाला? कारण नव्या शब्दात आणखी एक गोष्ट सांगितली जात होती: मी देवळालीला राहिलो आहे, तूही राहिला आहेस, आपण एका पंगतीतले. इंग्लंडातल्या आजच्या आजीबाई तोच शब्द वापरतात तेव्हा वेडेपणा पोचतो, पंगत पोचत नाही.

या लेखाचे प्रतिपाद्य एवढेच आहे. स्लँगच्या शब्दाला दोन अर्थ असतात. एक वस्तूबद्दलचा आणि दुसरा बोलणाऱ्याबद्दलचा. शब्द जन्माला येतो तो दुसऱ्यासाठी. तो दुसरा अर्थ झिजला की बहुधा शब्द मरतो तरी किंवा शिष्ट भाषेत जाऊन बसतो. हे नीट मांडायला लागणारी परिभाषा आपल्याकडे शालेय व्याकरणातच आहे: अभिधा, लक्षणा आणि व्यंजना. तिच्या आधाराने आजच्या बोलक्या इंग्रजीचा विचार करायचा आहे.

२. व्याप्ती आणि व्याख्या

'स्लँग' या इंग्रजी शब्दाला मराठीत निखळ प्रतिशब्द नाही. 'ग्राम्य', 'अशिष्ट', 'टवाळ' हे शब्द वर्णन करण्याआधी निकाल देतात. खुद्द इंग्रजीतही हा शब्द अठराव्या शतकाच्या मध्याला दिसू लागतो आणि त्याची व्युत्पत्ती निश्चित झालेली नाही. म्हणून इथे 'स्लँग' हाच शब्द ठेवला आहे. मात्र तो चार शेजाऱ्यांपासून वेगळा काढला पाहिजे.

पहिला शेजारी म्हणजे बोलभाषा. 'गोइंग टू'चे 'गॉना' करणे ही सैल बोलण्याची रीत झाली. ती राजापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांची असते. दुसरी प्रादेशिक बोली. स्कॉटिश माणूस लहानग्याला 'वी' म्हणतो, कारण तो त्या मातीतला शब्द आहे. त्यात मुद्दाम केलेली निवड नाही. तिसरी व्यवसायाची परिभाषा. इस्पितळात 'स्टॅट' म्हणजे 'तत्काळ'. तिथे हेतू नेमकेपणाचा असतो. चौथी चोरभाषा, जिचा हेतूच परक्याला कळू नये हा. स्लँग या चौघांकडूनही उसनवारी करते, पण कोणत्याही एकात मावत नाही.

बेथनी ड्यूमास आणि जोनाथन लायटर या अमेरिकी अभ्यासकांनी १९७८ मध्ये स्लँग ओळखण्याच्या चार कसोट्या मांडल्या. औपचारिक बोलण्यात तो शब्द आला तर त्याचा आब घसरतो का? वापरणाऱ्याची त्या विषयाशी किंवा त्या मंडळींशी खास जवळीक त्यातून सूचित होते का? वरच्या पायरीवरच्या माणसासमोर तो वर्ज्य आहे का? नेहमीचा शब्द उच्चारताना वाटणारा संकोच किंवा त्या शब्दाचा पाल्हाळ टाळायला तो वापरतात का? यांपैकी दोन कसोट्या लागू पडल्या की शब्द स्लँग. या चारांपैकी एकही कसोटी शब्दाच्या कोशगत अर्थाला हात लावत नाही. चारही विचारतात: कोण, कोणाशी, कुठे बोलतो आहे?

३. तीन शक्ती

अकराव्या शतकात काश्मीरच्या मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त शब्दशक्तींची जी मांडणी केली, तिचा सारांश असा. शब्दाचा सरळ अर्थ देणारी ती अभिधा. सरळ अर्थ जिथे अडतो तिथे त्याच्याशी संबंध असलेला दुसरा अर्थ देणारी ती लक्षणा. आणि या दोहोंच्या पलीकडे जे नुसते सुचते ते सुचवणारी व्यंजना. लक्षणेचे त्याने दोन भेद केले. एक रूढीने चालत आलेली आणि दुसरी काही प्रयोजन मनात धरून केलेली. प्रयोजन असलेल्या लक्षणेत व्यंग्यार्थ असतो, रूढ लक्षणेत तो नसतो.

काव्यासाठी केलेला हा भेद स्लँगला विलक्षण चपखल बसतो. लंडनचा पोरगा मित्राच्या गोलंदाजीला 'सिक' म्हणतो. 'आजारी' हा मुख्यार्थ तिथे अडतो. मग 'थक्क करून आडवे पाडणारी' असा लक्ष्यार्थ घ्यावा लागतो. आणि 'मी मास्तरांच्या भाषेत बोलणारा नाही' हे व्यंग्य त्याबरोबर आपोआप येते. हेच प्रयोजन. उद्या मास्तरच 'सिक' म्हणू लागले की लक्ष्यार्थ तसाच राहील, प्रयोजन मात्र संपेल. लक्षणा रूढ होईल. स्लँगचा सगळा जीवनक्रम म्हणजे प्रयोजनाकडून रूढीकडे होणारा प्रवास.

४. रूपविचार: शब्द घडतात कसे

स्लँगचे कारखाने फार नाहीत. मोजकीच यंत्रे पिढ्यान्‌पिढ्या चालतात, फक्त कच्चा माल बदलतो.

(अ) छाटणी. लांब शब्दाचा तुकडा ठेवायचा. 'सस्पिशस'चे 'सस' म्हणजे संशयास्पद, 'फॅमिली'चे 'फॅम' म्हणजे आपली माणसे. बहुधा शब्दाचे डोके ठेवून शेपूट कापतात. 'रिझ' हा त्याला अपवाद. 'करिझ्मा'चे डोके आणि शेपूट दोन्ही उडवून मधला भाग ठेवला, जसे 'इन्फ्लुएन्झा'चे 'फ्लू' झाले. अर्थ: बोलण्यातून समोरच्याला भुरळ घालण्याची हातोटी. ऑक्सफर्डने २०२३ चा शब्द म्हणून त्याची निवड केली. छाटणीवर शिष्टांचा राग जुना आहे. जोनाथन स्विफ्टने १७१० मध्ये अशा तोडलेल्या शब्दांविरुद्ध तक्रार छापली होती. त्याच्या यादीतला 'पॉझ' आज कुणाला आठवत नाही, आणि 'मोबिली व्हल्गस' या लॅटिन शब्दजोडीतून तोडलेला 'मॉब' मात्र आपल्या वर्तमानपत्रांतही नांदतो आहे.

(आ) जोडकाम. दोन शब्दांची टोके कापून एकत्र शिवायची. 'हंग्री' आणि 'अँग्री' मिळून 'हँग्री', म्हणजे भुकेने चिडलेला. 'फ्रेंड' आणि 'एनिमी' मिळून 'फ्रेनेमी'. 'सिच्युएशनशिप' म्हणजे ज्याला धड नाव देता येत नाही असे प्रेमप्रकरण. यातली गंमत अशी की ज्या अवस्थेला भाषेत नाव नव्हते तिथेच हे शब्द टिकतात.

(इ) आद्याक्षरे. 'ओएमजी' मोबाइलमुळे आले अशी समजूत आहे. प्रत्यक्षात ते १९१७ मध्ये ब्रिटिश नौदलाचे निवृत्त प्रमुख लॉर्ड फिशर यांनी चर्चिलना लिहिलेल्या पत्रात सापडते. 'फोमो' म्हणजे आपण नाही तिथे काहीतरी मजा चालली असेल ही रुखरुख. 'गोट' म्हणजे सार्वकालिक श्रेष्ठ. क्रिकेटच्या चर्चेत हा शब्द मराठी घरांतही पोचला आहे आणि अजून कुणीतरी विचारतेच की सचिनला बकरा का म्हणता!

(ई) शब्दजातीची उलथापालथ. 'अडल्ट' हे नाम, त्याचे क्रियापद करून 'अडल्टिंग': वीजबिल भरणे, दाताच्या डॉक्टरची वेळ घेणे, असली मोठ्या माणसांची कामे. 'क्रिंज' हे अंग चोरण्याचे क्रियापद, त्याचे विशेषण झाले: बघणाऱ्यालाच लाज वाटावी असे. 'बिकॉज' या उभयान्वयी अव्ययाला वाक्य लागते. आता त्यापुढे नुसते नाम ठेवतात. 'उशीर झाला, बिकॉज ट्रॅफिक.' अमेरिकन डायलेक्ट सोसायटीने २०१३ चा शब्द म्हणून याच 'बिकॉज'ला मान दिला. शब्द जुना, वळण नवे.

(उ) उलटसुलट. मराठी मुले 'च'ची भाषा बोलतात, 'मला'चे 'चलाम' करतात. लंडनच्या फेरीवाल्यांनी तेच केले. 'बॉय' उलटा वाचून 'यॉब' केला. आज त्याचा अर्थ दांडगट पोरगा असा आहे. पूर्व लंडनच्या कॉकनी लोकांनी यमकांची भाषा रचली. 'हेड'ला यमक 'लोफ ऑफ ब्रेड', मग यमकाचाच शब्द टाकून नुसता 'लोफ'. 'यूज युवर लोफ' म्हणजे डोके चालव. इथे लक्ष्यार्थाकडे नेणारा संबंध अर्थाचा नसून नादाचा आहे, आणि तो नादही गाळून टाकलेला. परक्याला वाट सापडू नये म्हणून पूलच मोडून ठेवल्यासारखे.

५. अर्थविचार: लक्षणेच्या वाटा

नव्या शब्दांपेक्षा जुन्याच शब्दांना नवे अर्थ देणे हा स्लँगचा आवडता उद्योग. त्याच्या चार वाटा स्पष्ट दिसतात.

पहिली साम्याची. 'सॉल्टी' म्हणजे मनाला लागून चरफडणारा. 'घोस्टिंग' म्हणजे भांडण नाही, निरोप नाही, एक दिवस संपर्कच तोडून भुतासारखे नाहीसे होणे. 'ड्रिप' म्हणजे अंगावरून ओघळावा असा पेहरावाचा थाट. 'शी एट' याचा अर्थ ती जेवली असा नसून तिने कामगिरीचा फडशा पाडला असा आहे. त्याला 'अँड लेफ्ट नो क्रम्ब्ज' जोडले की ताटात कणही उरला नाही, म्हणजे खोट काढायला जागा ठेवली नाही. 'स्पिल द टी' म्हणजे आतली खबर सांडणे. चहाशी त्याचा संबंध नंतर जुळला. मूळ 'टी' हे 'ट्रुथ'चे आद्याक्षर मानले जाते.

दुसरी विरोधाची. 'सिक', 'विकेड', 'बॅड', 'किलर', 'डोप' हे सगळे निंदेचे शब्द कौतुकासाठी वापरतात. मराठीला यात नवल वाटू नये. 'खतरनाक', 'नाद खुळा', 'भयंकर आवडलं' हे आपण रोज म्हणतो. अलंकारशास्त्रात निंदेच्या मिषाने केलेल्या स्तुतीला व्याजस्तुती म्हणतात. पण तिथे कवीचा चमत्कार दाखवण्याचा हेतू असतो, इथे मूल्यांची उलटापालट असते. शाळा, पोलीस, चर्च ज्याला वाईट म्हणतात ते आम्हांला चांगले, असा पवित्रा 'बॅड'मध्ये आहे. म्हणूनच हा अर्थ कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या बोलीत मुरला, जिथे सत्तेने दिलेली विशेषणे उलटवून घेण्याला कारण होते.

तिसरी अतिशयोक्तीची. 'आय अॅम डेड' म्हणजे हसून हसून मेलो. याचेच चित्र म्हणजे संदेशात पाठवलेली कवटी. तरुण मुलीने मावशीच्या विनोदाला कवटी पाठवली तर तो अपशकुन नाही, दाद आहे. 'लिटरली' म्हणजे शब्दशः, पण आता ते नेमके जिथे शब्दशः नाही तिथे जोर देण्यासाठी येते. अतिशयोक्तीचे चलन लवकर घसरते. म्हणून कौतुकाचे शब्द स्लँगमध्ये सर्वांत जास्त आणि सर्वांत अल्पायुषी.

चौथी व्यक्तीवरून किंवा कलाकृतीवरून. पॅट्रिक हॅमिल्टनचे 'गॅस लाइट' हे नाटक १९३८ चे. १९४४ मध्ये त्याच कथेवर इन्ग्रिड बर्गमनचा चित्रपट निघाला. नवरा घरातल्या दिव्यांची ज्योत मंदावण्याला कारण होतो आणि बायकोने ते बोलून दाखवले की तुलाच भास होतो म्हणतो. त्यावरून 'गॅसलाइटिंग': माणसाचा स्वतःच्या बुद्धीवरचा विश्वास पद्धतशीर उडवणे. २००० साली आलेल्या एमिनेमच्या 'स्टॅन' या गाण्यातला वेडा चाहता आज क्रियापद झाला आहे. एखाद्याला 'स्टॅन' करणे म्हणजे त्याची कट्टर भक्ती करणे. गाण्यात तो चाहता आत्मनाश करून घेतो. क्रियापदात ती शोकांतिका उरलेली नाही.

कोणत्या विषयांभोवती हे शब्द दाटतात तेही पाहावे. भाषाशास्त्रज्ञ एम. ए. के. हॅलिडे यांनी १९७६ मध्ये 'प्रतिभाषा' (प्रस्थापित समाजाच्या विरोधात उभ्या असलेल्या गटाची भाषा) ही कल्पना मांडताना कोलकात्याच्या गुन्हेगारी जगाच्या भाषेचा भक्तिप्रसाद मल्लिक यांनी केलेला अभ्यास आधाराला घेतला होता. पोलीस, बॉम्ब अशा गोष्टींना त्या भाषेत एक नव्हे, अनेक शब्द. ज्या गोष्टींवर गटाचा जीव टांगलेला, तिथे शब्दांचे पीक. आजच्या तरुण इंग्रजीत पोलीस आणि बॉम्ब यांची जागा खरे-खोटे, आकर्षण आणि फजिती यांनी घेतली आहे. 'कॅप' म्हणजे थाप, 'नो कॅप' म्हणजे खरेच सांगतो. 'सिंप' म्हणजे प्रेमात लाचार. 'द इक' म्हणजे आवडत्या माणसाच्या एखाद्या क्षुल्लक गोष्टीने अचानक मन विटणे. पडद्यावर सतत दुसऱ्यांना पाहणाऱ्या आणि स्वतः पाहिल्या जाणाऱ्या पिढीचा जीव कशावर टांगला आहे, ते या पिकावरून कळते.

६. व्यंजना: कोण, कोणाशी, कसे

व्यंग्यार्थ कशावर अवलंबून असतो याची मम्मटाने यादी दिली आहे. तीत बोलणारा, ऐकणारा, आवाजाचा हेल म्हणजे काकू, प्रसंग, स्थळ आणि काळ हे घटक येतात. स्लँगचा अर्थ लावताना ही यादी समोर ठेवावी.

काकू. 'ड्यूड' हा शब्द १८८० च्या दशकात छानछोकी तरुणासाठी वापरत. आज तो संबोधन आहे. स्कॉट कीसलिंग यांनी २००४ मध्ये या एका शब्दावर निबंध लिहिला. तोच 'ड्यूड' हेल बदलून आश्चर्य, सहानुभूती, नाराजी किंवा सावधानतेची सूचना देतो. मराठीत नुसते 'अरे!' किती प्रकारे म्हणता येते ते आठवावे. कीसलिंग यांचा मुख्य मुद्दा जवळिकीच्या तोलाचा आहे. मी तुझ्याबरोबर आहे, पण फार गळ्यात पडत नाही, हे एकाच शब्दात साधते.

लेखनातली काकू. संदेशात आवाज नसतो, म्हणून विरामचिन्हे हेल घेतात. बिंगहॅम्टन विद्यापीठातल्या सीलिया क्लिन आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दाखवले की मोबाइल संदेशातल्या एकशब्दी उत्तराला पूर्णविराम दिला तर वाचणाऱ्याला ते कमी मनापासूनचे वाटते. हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत तसे होत नाही. व्याकरण पाळल्याचा राग येतो तो असा. मुलाने पाठवलेल्या 'ओके'पुढे टिंब दिसले तर आईने काळजी करावी, पण मुलाने आईच्या टिंबाची करू नये. तिने ते शाळेत शिकल्याप्रमाणे दिले आहे. 'एलओएल'चेही तसेच. मोठ्याने हसण्याची ही खूण आता हसण्यासाठी क्वचितच येते. 'मला उशीर होईल एलओएल' यात हसण्यासारखे काही नाही. वाक्याची धार बोथट करण्याचे, मराठीतल्या 'हं'सारखे काम ते करते.

स्थळ. लंडनच्या कचेरीत सहकारी 'यू ऑलराइट?' म्हणून पुढे निघून जातो. नुकताच पुण्याहून गेलेला माणूस आपण आजारी दिसतो की काय म्हणून चरकतो. ते फक्त 'काय, कसं काय?' आहे आणि उत्तर तेवढेच अपेक्षित आहे. इंग्रज 'नॉट बॅड' म्हणाला तर चांगले झाले असे समजावे. अमेरिकेत 'आय अॅम डाउन' आणि 'आय अॅम अप फॉर इट' हे शब्दाने विरुद्ध असून अर्थाने एकच: मी तयार आहे. 'शट अप!' हे आश्चर्याचा हेल घेऊन आले तर गप्प बसू नये, पुढे सांगावे.

बोलणारा. 'फॅम', 'ब्रव्ह' हे शब्द पूर्व लंडनच्या पोराच्या तोंडी सहज वाटतात. तेच मंत्र्याच्या तोंडी आले की हसू येते. कोशगत अर्थ दोन्हीकडे एकच. बदलला तो बोलणारा, आणि त्यामुळे पंगतीत बसण्याचा हक्क.

७. उगमविचार: काठावरून मध्यावर

'जेन-झीची भाषा' म्हणून जी यादी फिरते तिच्यातला मोठा वाटा तरुणांनी घडवलेलाच नाही. त्यांनी तो पसरवला. 'कूल' १९४० च्या दशकात कृष्णवर्णीय जॅझ वादकांच्या बैठकीतून बाहेर पडला. 'कॅप' अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या शहरांच्या हिपहॉपमधून आला. 'शेड' म्हणजे नाव न घेता मारलेला टोमणा. 'स्ले' म्हणजे झळकून बाजी मारणे. हे दोन्ही न्यूयॉर्कच्या बॉलरूममधले. तिथे कृष्णवर्णीय आणि लॅटिन वंशाचे समलैंगिक आणि पारलिंगी लोक नटण्याच्या स्पर्धा भरवत. घराने आणि समाजाने हाकललेल्यांनी तिथे आपापली 'घराणी' उभारली होती. १९९० च्या 'पॅरिस इज बर्निंग' या माहितीपटात 'शेड'चा अर्थ त्या जगातल्याच एका वडीलधाऱ्या कलावंताने समजावून सांगितला आहे.

ब्रिटनमध्ये हेच काम कॅरिबियन वस्त्यांनी केले. १९४८ मध्ये 'विंडरश' जहाज आले, त्यानंतर जमैकाची बोली लंडनच्या कामगार वस्तीत बांगला, आफ्रिकी, कॉकनी बोलींशी मिसळली. 'वॅगवान' म्हणजे काय चाललेय, 'पेंग' म्हणजे देखणे, 'बेअर' म्हणजे पुष्कळ, 'एंड्झ' म्हणजे आपला मोहल्ला. जेनी चेशर या अभ्यासिकेने या बोलीत 'मॅन' हे सर्वनाम 'मी' या अर्थी येते हे नोंदवले. मुंबईकराच्या 'आपण नाय घाबरत कोणाला' मधले 'आपण' ज्याने ऐकले आहे त्याला हे लगेच कळेल. एकटा असूनही मागे टोळी उभी असल्याचा आव दोन्हीकडे सारखाच.

फौजेची वाट आपल्याला जवळची. 'विलायती'चे 'ब्लायटी' झाले, म्हणजे मायदेश. पहिल्या महायुद्धात 'ब्लायटी' म्हणजे अशी जखम, जी जीव घेत नाही पण घरी पाठवते. 'देखो'चे 'डेको' झाले, 'पक्का'चे 'पुक्का' झाले. खालच्या पायरीवरच्या शिपायांनी उचललेले शब्द पुढे साहेबांच्या दिवाणखान्यात गेले.

लपण्याची गरज हे स्लँगचे आद्य कारण, आणि ती गरज संपलेली नाही. इंग्लंडात पुरुषांमधले समलैंगिक संबंध हा १९६७ पर्यंत गुन्हा होता. त्या काळात 'पोलारी' नावाची गुप्त बोली चालत असे. १९६५ ते १९६८ या काळात बीबीसीच्या 'राउंड द हॉर्न' या नभोवाणी कार्यक्रमातल्या दोन पात्रांनी ती घराघरांत पोचवली आणि गुपित फुटल्यावर बोलीचे काम संपले. मागे 'नॅफ' म्हणजे 'बेचव' असे काही शब्द उरले. आज पोलिसाच्या जागी संगणकाची चाळणी आहे. मृत्यू, आत्महत्या असे शब्द आले की चित्रफीत दाबली जाईल या भीतीने मुले 'अनअलाइव्ह' म्हणतात. यंत्राला चुकवण्यासाठी घडवलेला हा शब्द काही जण आता यंत्र नसलेल्या ठिकाणीही वापरतात. चोरभाषेचे सौम्योक्तीत रूपांतर होताना आपण पाहतो आहोत.

८. जीवनक्रम

शब्दाच्या आयुष्यात तीन टप्पे येतात. पहिल्यात त्याचा अर्थ थोड्यांना कळतो आणि व्यंग्य तीव्र असते. दुसऱ्यात तो पसरतो आणि व्यंग्य बदलते: 'मी त्या गटातला' याऐवजी 'मी काळाबरोबर आहे'. तिसऱ्यात सर्वांना कळतो आणि व्यंग्य शून्य होते. यानंतर चार गती संभवतात.

एक, मृत्यू. 'ग्रूव्ही' आता फक्त १९६० चे दशक दाखवायला वापरतात.

दोन, शिष्टत्व. बॉस्टनच्या एका वृत्तपत्रात २३ मार्च १८३९ रोजी 'ऑल करेक्ट'चे मुद्दाम चुकवलेले स्पेलिंग आणि त्याची आद्याक्षरे छापली गेली. तो त्या काळच्या पत्रकारांचा टवाळ खेळ होता. अॅलन वॉकर रीड यांनी १९६० च्या दशकात हे मूळ शोधून काढले. तोच 'ओके' आज मराठीतही परका राहिलेला नाही. त्यातली थट्टा कुणाला ऐकू येत नाही, म्हणूनच तो टिकला.

तीन, दीर्घायुषी स्लँग. 'कूल' ऐंशी वर्षे झाली तरी ना मेला ना शिष्ट झाला. तो ज्या अलिप्त डौलाचे वर्णन करतो, त्या डौलाची प्रत्येक पिढीला नव्याने गरज पडते.

चार, अपहरण. 'वोक' म्हणजे जागा. वर्णद्वेषाच्या धोक्याविषयी सावध राहा, हा कृष्णवर्णीयांचा आपसातला इशारा होता. १९६२ मध्ये विल्यम मेल्विन केली यांनी न्यूयॉर्क टाइम्सच्या मासिक पुरवणीत या भाषेवर लेख लिहिला, त्याच्या मथळ्यातच हा शब्द होता. आणि लेखाचा एक विषय होता तो म्हणजे गोऱ्यांनी शब्द उचलल्यावर कृष्णवर्णीय ते टाकून का देतात. पुढे पन्नास-साठ वर्षांत तोच शब्द विरोधकांनी शिवीसारखा वापरायला घेतला. अभिधा तीच, बोलणारा बदलला, व्यंग्य उलटले.

पूर्वी या टप्प्यांना दशके लागत. आता वेग वाढला आहे. 'डेलुलू' म्हणजे गोड भ्रमात राहणारा. हा शब्द कोरियन गायकांच्या चाहत्यांमधला. मार्च २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान अँथनी अल्बानीझ यांनी तो संसदेत विरोधकांवर फेकला आणि ऑगस्टमध्ये केंब्रिज कोशाने तो नोंदवून घेतला. २०२३ मध्ये यूट्यूबवरच्या एका विचित्र चित्रमालिकेतून आलेला 'स्किबिडी'ही त्याच वेळी कोशात शिरला. पंतप्रधान बोलले आणि कोशाने घेतले म्हणजे शब्द मान्य झाला, असे प्रौढांना वाटते. पोरांच्या दृष्टीने तो त्याच दिवशी निवृत्त होतो.

९. निष्कर्ष

स्लँगच्या अर्थाची एक टोकाची कसोटी २०२५ ने दिली. स्क्रिला नावाच्या रॅप गायकाच्या गाण्यातले 'सिक्स-सेव्हन' हे दोन आकडे सहा फूट सात इंच उंचीच्या एका बास्केटबॉलपटूच्या चित्रफितींना जोडले गेले आणि जगभरच्या शाळांत मुले तळहात वरखाली करत ते ओरडू लागली. डिक्शनरी डॉट कॉमने त्याला वर्षाचा शब्द ठरवले. अर्थ विचारला तर मुले हसतात, कारण अर्थ नाही. अभिधा निरुपयोगी, लक्षणेला धरायला मुख्यार्थच नाही. उरते ते निव्वळ व्यंग्य: आम्हांला हे ठाऊक आहे, तुम्हांला नाही. अर्थ न सांगणारे गाण्याचे सूरही काही सुचवू शकतात, हे आनंदवर्धन या काव्यशास्त्रकाराने मम्मटाच्या आधीच मान्य केले होते. 'सिक्स-सेव्हन' हा त्याच जातीचा, सुरासारखा शब्द.

म्हणजे पट्टीची दोन टोके हाती आली. एका टोकाला 'सिक्स-सेव्हन', ज्यात व्यंग्य भरपूर आणि अर्थ काहीच नाही. दुसऱ्या टोकाला 'डूलॅली', ज्यात अर्थ शाबूत आणि व्यंग्य पार विरलेले. स्लँगचा प्रत्येक शब्द या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी उभा असतो आणि त्याची चाल पहिल्याकडून दुसऱ्याकडे असते. म्हणून अशा शब्दाचा नुसता अर्थ विचारणे अपुरे आहे. तो आज पट्टीवर कुठे पोचला आहे, हेही विचारावे लागते.

घरातल्या मुलाने एखादा नवा शब्द टाकला की आपण हेच करावे. अर्थ विचारावा आणि तो शब्द स्वतः वापरण्याचा मोह आवरावा. आपण वापरला की त्याचे काम संपते, आणि मुलाला नवा शोधावा लागतो. तसा तो शोधणारच. देवळालीच्या उन्हात जहाजाची वाट पाहणाऱ्या शिपायांनाही 'मॅड' हा शब्द पाठ होता.